खळ ओली आहे तोवर

कोपऱ्यावरून वसाहतीत वळताना ती नेहमी खाली बघून वळायची. तिथली फरशी उखडलेली होती आणि मागे एकदा भर संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, तिने तिथे लोटांगण घातलं होतं. म्हणून त्या दिवशीही भिंत दिसायच्या आधी तिला सांडलेली खळ दिसली, मग पालथी बादली, मग कुणाकुणाच्या काढून ठेवलेल्या चपला, आणि मान वर केली तेव्हा पटांगणापलीकडच्या इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर ती स्वतः. जमिनीपासून गच्चीपर्यंत. काळ्यापांढऱ्यात. कपाळावरची आडवी आठी, डाव्या भुवईतली लहानपणची खोक, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं जिथल्या तिथे आणि खाटेएवढं मोठं. तिथपर्यंत ठीक होतं. पण ती हसत होती. ओठांच्या कोपऱ्यातून वगैरे नव्हे. तोंड उघडून, हिरड्या दाखवून, कुणीतरी फार वात्रट बोलल्यावर हसावं तसं. ती डब्याची पिशवी धरून उभी राहिली. तिला आधी वाटलं, ही बाई बरी दिसतेय की. मग वाटलं, आपण असं कधी हसलो?

हसलो नव्हतोच. फोटोच्या वेळी तोंड मिटलेलं होतं हे तिला पक्कं आठवत होतं, कारण ते तिने ठरवून मिटलं होतं. फोटोवाली एका बंद गाडीतून आली होती. गाडीच्या आत एक स्टूल, मागे पांढरा पडदा, समोर दिवा. वसाहतीतल्या प्रत्येकाचा चेहरा वसाहतीच्या भिंतींवर लावायचा, लहान चेहरे जिन्यांत आणि पाण्याच्या टाकीवर, आणि दोनच चेहरे मोठे, समोरासमोरच्या दोन उंच भिंतींवर. कोणते दोन ते वसाहतीनेच ठरवायचं. चिकटवायचंही वसाहतीनेच, आणि त्याला एकच नियम: स्वतःच्या चेहऱ्याला स्वतः हात लावायचा नाही, तो दुसऱ्याने चिकटवायचा. हे सगळं तिला नवऱ्याने जेवताना सांगितलं होतं आणि तिने “बरं” म्हटलं होतं. मग हात वर करून मतं घेतली गेली आणि तिचा चेहरा मोठ्या भिंतीसाठी निवडला गेला. तिला जरा बरंही वाटलं. दुसरा चेहरा कुणाचा हे कळल्यावर तिच्या लक्षात आलं की हा कौतुकाचा मामला नाही, कट आहे. “दोघी बोलत नाहीत, निदान एकमेकींकडे बघतील तरी,” असं जिन्यात शिंपीणकाकू कुणाला तरी म्हणाल्या होत्या, ती वरून उतरत होती हे माहीत असून. तेव्हाच ती नाही म्हणणार होती. पण नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. ती मुकाट्याने गाडीत जाऊन बसली. फोटोवालीने “हसा ना” म्हटलं नाही, ही त्या बाईची एक चांगली गोष्ट. लोक तिला नेहमी हसायला सांगायचे. दातांचं काम करता आणि दात दाखवत नाही, म्हणायचे.

ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं यायची, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणाचे ओठ उभारायची, दात एकेक करून बसवायची, आणि तोंड कुणाचं हे तिला कधीच कळायचं नाही. वसाहतीत सगळे तिला दातवाली म्हणायचे, तिच्या तोंडावर सुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं हातात घेऊन बसल्यावर आपलं तोंड आपल्यापाशी ठेवावंसं वाटतं, एवढंच होतं ते. आणि आता ते तोंड समोर गच्चीपर्यंत उघडं पडलं होतं. ती दोन पावलं पुढे गेली. वरच्या पुढच्या दोन दातांमधे फट होती. एवढी मोठी की त्या भिंतीवर तिच्यात माणूस उभा राहिला असता. शेजारचा दात जरासा आत वळलेला. उजवा सुळा टोकाला बोथट, कारण लहानपणी त्या सुळ्याने बाटलीचं झाकण उघडायची पैज लागली होती. पैज तिनेच लावली होती. तिच्या हातातली पिशवी घसरली आणि तिने ती गुडघ्याने अडवली. हे तोंड तिचं नव्हतं. हे तोंड ताईचं होतं.

तिला ते चुकणं शक्यच नव्हतं. ती काम शिकत होती तेव्हा मापं घ्यायला कुणाचं तरी तोंड लागायचं आणि ताईखेरीज तोंड द्यायला कुणी तयार नव्हतं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ताई मान मागे टाकून बसली होती, गळ्याभोवती टॉवेल, तोंडात ती गुलाबी गिळगिळीत लापशी भरलेला चमचा, आणि “हलू नकोस, हलू नकोस” म्हणताच ताईला हसू फुटलं. नाकातून. मग ती लापशी ताईच्या हनुवटीवरून टॉवेलवर, टॉवेलवरून आईच्या साडीवर. आई दारातून बघत होती, ती रागवायला आली होती आणि तिथेच दाराला धरून हसत बसली. मापं चार वेळा घ्यावी लागली. त्यातलं शेवटचं जमलं. त्या मापातून निघालेला ताईच्या दातांचा प्लास्टरचा साचा अजून कामाच्या टेबलावर होता, बिलांवर ठेवलेला, पंख्याने उडू नयेत म्हणून. ताईशी बोलणं बंद झालं तेव्हा तिने तो एकदा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता आणि चहा पिऊन झाल्यावर परत काढून पुसून ठेवला होता. तो साचा ती रोज बघत होती. म्हणजे एका अर्थी ताईचं तोंड बघितल्याशिवाय तिचा दिवस गेलेला नव्हता, फक्त त्यातून आवाज येत नव्हता. आवाज दुसरीकडून यायचा. ताई बस-स्थानकावर घोषणा करायची. कामाला जाताना ती रोज सकाळी फलाटावर उभी असायची आणि डोक्यावरच्या कर्ण्यातून तिची थोरली बहीण तिला, आणि फलाटावरच्या बाकी सगळ्यांना, गाडी उशिराने सुटेल असं सांगायची. त्यावरून तिला कळायचं की ताईला सर्दी झाली आहे, किंवा आज भाऊजींशी वाजलं आहे, किंवा आज स्वारी खुशीत आहे. खुशीत असली की ताई गावांची नावं लांबवायची.

ती गर्रकन मागे वळली. आपल्याच इमारतीच्या भिंतीवर ताई होती, तिच्यावर नजर रोखलेली, तेच मोठे डोळे, तेच फुगीर गाल, आणि खाली एक मिटलेलं, घट्ट, पातळ तोंड. तिचं स्वतःचं. ताईच्या चेहऱ्यावर ते असं काही दिसत होतं की तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं. जन्मात ज्या बाईचं तोंड मिटलं नाही, जिला तोंड उघडायचा पगार मिळतो, तिला भिंतीवर दातखिळी बसली होती. आत्ता ताई कामावरून येईल. येईल आणि बघेल. आणि तिला वाटेल की हे मी करवून घेतलं.

“झकास झालंय की नाही?” रंगारी परांचीवरून उतरत म्हणाला. वसाहतीतला हा एकच माणूस ज्याला उंचीवर काम करायची सवय, म्हणून चिकटवण्याचं पुढारपण त्याच्याकडे आलं होतं. त्याच्या भुवयांवर खळ वाळून पांढरी झाली होती. मागे शिंपीणकाकू कुंचा धरून उभ्या होत्या, आणि तिचा नवरा आणि भाऊजी, दोघे मिळून एक बादली धरून. हे दोघे साडू आपापल्या बायकांच्या अबोल्यामुळे एकमेकांचे जिवलग झाले होते, कारण सगळे निरोप त्यांनाच पोचवावे लागत.

“तोंड चुकलंय,” ती म्हणाली.

रंगारी मागे सरकून बघायला लागला. त्याने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. “तोंड?”

“ते माझं नाही. ते समोरच्यांचं आहे.” ताईला ती समोरचे म्हणायची. ताई हा शब्द तिने तोंडातून काढला नव्हता, आईचं सगळं आटोपलं त्यानंतर.

“असं कसं होईल?” रंगारी म्हणाला, पण त्याचा आवाज अर्ध्यातच खाली आला. “चेहऱ्यांच्या कागदी पट्ट्यांच्या मागे नंबर होते पेन्सिलीने. परांचीला सुतळी कमी पडली म्हणून मी गुंडाळ्यांच्या सुतळ्या सोडल्या, त्यात तुम्हा दोघींच्या पट्ट्या एकत्र झाल्या. पण मी म्हटलं, नंबर कशाला हवेत? आपण काय ओळखत नाही का आपली माणसं? कपाळ ओळखलं. डोळे ओळखले. राहिली दोन तोंडं, एक मिटलेलं, एक दात दिसणारं. आता दात कुणाचे असणार?”

“दातवालीचे,” शिंपीणकाकू म्हणाल्या. “सगळ्यांचं एकमत झालं.”

“अहो, तुम्ही तरी?” ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने बादलीत बघितलं. “मला वाटलं, फोटोवालीने हसवलं असेल तुला,” तो म्हणाला. “मला आवडलं ते.” भाऊजींनी मान डोलावली. त्यांना तर आपल्या बायकोचं मिटलेलं तोंड बघून दुपारभर गुदगुल्या होत असणार, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

फोटोवाली गाडीतून उतरून आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिने बराच वेळ दोन्ही भिंती बघितल्या आणि कुणालाच दोष दिला नाही. खळ ओली आहे तोवर पट्टी निघते, ती म्हणाली; अलगद सोडवून, फिरवून, जागच्या जागी लावता येईल. वाळली की मग भिंत खरवडूनच काढावी लागेल, आणि दुसऱ्या पट्ट्या नाहीत. वरून खळीचा शेवटचा हात मारायचाय, तो मारला की संपलं. “तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही आणि त्यांनी. दोघींपैकी एकीला जरी नको असेल तरी काढू.” म्हणजे आता तिला ताईला विचारायचं होतं. बादलीवाले दोघे साडू आपोआप पुढे सरसावले, सवयीने, आणि फोटोवाली त्यांना म्हणाली, “तुम्ही नाही.”

काढा म्हटलं की संपत होतं. कुणाला विचारायचीही गरज नव्हती, तिच्या एकटीच्या नाहीने भागत होतं. ती तोंड उघडणारच होती, आणि मग तिने पुन्हा एकदा वर बघितलं, कारण निदान नीट बघून तरी नाही म्हणावं. ऊन कलतं होतं आणि ओला कागद चकाकत होता. दोन पट्ट्यांचा जोड गालावरून गेला होता आणि तो कुठे आहे हे तिला, जिचा जन्म जोड लपवण्यात गेला तिला, शोधावं लागलं. चावा जुळतो की नाही हे ती प्रत्येक कवळीत बघायची, वरचे दात खालच्यांवर कसे टेकतात, हनुवटी कुठे जाते. इथे जुळत होतं. डोळ्यांखालची वर्तुळं त्या हसण्याने ढकलल्यासारखी वर सरकलेली वाटत होती. तिचे डोळे तर फोटोत हसत नव्हते, मग आता का हसतायत? तिला आईचा फोटो आठवला. तो तिला रोज आठवायचा, कारण तो घरात समोरच होता, पण आत्ता तो निराळ्या बाजूने आठवला. आईला तिने स्वतःच्या हाताने कवळी करून दिली होती, इतकी मन लावून तिने दुसरी कुठलीच केली नव्हती, आणि आईने ती शेवटपर्यंत वाटीत ठेवली, पाहुणे आले की घालायची, पाहुणे जिना उतरले की काढायची. मग आई गेली आणि चांगला म्हणावा असा एकच फोटो सापडला, बोळक्या तोंडाने हसणारा. तिला ते सहन होईना. लोक म्हणतील, मुलगी दातांचं काम करते आणि आई बघा. म्हणून तिने फोटोच्या दुकानात जाऊन आईच्या तोंडात दात भरून घेतले, कवळी बरोबर नेऊन, एकेक दात दाखवून. फोटो चौकटीत घालून तिने भिंतीवर लावला आणि ताईला बोलावलं. ताई पदराला हात पुसत आली, फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ही कोण बाई?”

तेवढंच. बाकी ताई काही बोलली नव्हती. ताई, जी गाडी सुटून गेली तरी तिच्याबद्दल बोलते, ती त्या दिवशी बोलली नाही, पटांगण ओलांडून घरी गेली आणि तिने आपल्या भिंतीवर बोळकी आई लावली. त्या दिवसापासून दोन इमारतींत दोन आया झाल्या. मेण वितळवताना, दात घासताना, बसची वाट बघताना तिने त्या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार केली होती, काही फार झोंबणारी, आणि ती सगळी ताईच्या साच्यापुढे म्हणून बघितली होती. पण दुकानातून चौकट घेऊन येताना रस्त्यात तिने कागद बाजूला करून बघितलं होतं तेव्हा तिलाही तेच वाटलं होतं. ही कोण बाई, असंच. ते ताईने म्हणून टाकलं, एवढाच ताईचा गुन्हा.

“आल्या,” कुणीतरी म्हणालं.

ताई स्थानकावरचा निळा कोट घालूनच आली होती. तिने कोपरा वळताना खाली वगैरे बघितलं नाही, उखडलेल्या फरशीवरून ती तरंगत आली. पटांगणाच्या मधोमध थांबून तिने आपला चेहरा बघितला. ताईने स्वतःच्या मिटलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, मग हाताने आपलं खरं तोंड चाचपलं.

“माझं तोंड कुणी बंद केलं?” ताई म्हणाली.

सगळ्यांनी रंगाऱ्याकडे बघितलं. रंगाऱ्याने पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. ताई वळली. आता ताई आणि ती एकाच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, मधे दोन हातांचं अंतर, आणि ताईच्या कोटाला स्थानकावरच्या धुराचा आणि लवंगेचा वास येत होता. घशासाठी ताई गालात लवंग धरायची. तो वास एवढ्या जवळून किती दिवसांत आला नव्हता. तिने ताईकडे बघितलं नाही. ती वर बघत राहिली, कारण ताई आता काय म्हणणार हे तिला माहीत होतं. तिचं सगळं अंग त्या एका वाक्यासाठी ताठ झालं होतं.

“ही कोण बाई?” ताई म्हणाली.

पण ती ते हळू म्हणाली. घोषणेच्या आवाजात नाही, त्या दिवशीच्या आवाजातही नाही. ती खरंच विचारत होती. तिने मान तिरपी केली होती, लांबून येणारं माणूस ओळखीचं आहे का हे बघताना करतात तशी. भिंतीवरची बाई दोघींकडे बघून हसत होती. दारातून बघून हसत होती, रागवायला आलेली आणि विसरलेली, साडीवर गुलाबी डाग, आणि तोंडात अजून तिचे स्वतःचे दात. ती फट आईलाही होती. ताईला ती आईकडूनच आली होती, हे तिने इतक्या वर्षांत, इतकी तोंडं हाताळून, कधी मनात आणलं नव्हतं, कारण कवळी करताना तिने आईला सरळ, बिनफटीचे, सुंदर दात बसवले होते. आई ते वाटीत का ठेवायची ते तिला आत्ता, भर पटांगणात, खळीच्या वासात कळलं, आणि तिला वाईट वाटायच्या ऐवजी फार म्हणजे फारच गंमत वाटली. त्या झोंबणाऱ्या उत्तरांतलं एकही तिला आठवेना.

“आपलीच,” ती म्हणाली.

ताईने मान हलवली. “हं,” ती म्हणाली. “आपलीच.” मग वरच बघत, “या वेळी दात बरे बसलेत.”

“माझे नाहीत ते.”

“तेच म्हणतेय मी.”

आणि तिला हसू फुटलं. नाकातून आलं, मग तोंडातून, तिला ते आवरता येईना, ती पोट धरून वाकली, पिशवीतला डबा खडखडला. ताई तिच्या तोंडात डोकावून बघत होती, अगदी वाकून, दवाखान्यात बघतात तसं. “अगं, तुला दात आहेत की,” ताई म्हणाली. “मला वाटलं, सगळे विकले.” शिंपीणकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. साडूंनी बादली खाली ठेवली, त्यांचं काम सुटलं होतं आणि आता काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

“काढायचं का?” फोटोवालीने विचारलं. “वाळत आलंय.”

“हात लावून बघा कुणी,” ताई म्हणाली. “वरचा शेवटचा हात मारायचा राहिलाय ना? कुंचे कुठायत?”

“तुम्हाला नाही चालायचं,” रंगारी म्हणाला. त्याला चूक झाल्यापासून नियमांची फार काळजी लागली होती. “स्वतःच्या चेहऱ्याला स्वतः हात लावायचा नाही.”

“हा माझा आहे का?” ताई म्हणाली. “हिचा आहे का? मग?”

रंगाऱ्याने फोटोवालीकडे बघितलं. फोटोवालीने खांदे उडवले आणि कॅमेरा घ्यायला गाडीकडे गेली. ताई निळ्या कोटासकट परांची चढली, बांबू करकरले, भाऊजींनी खालून बांबू धरला. ताई डोळ्यांपाशी जाऊन थांबली. तिच्या मागोमाग धाकटीही चढली आणि खाली तोंडापाशी थांबली. तिच्या समोर आता चेहरा नव्हताच, नुसते राखाडी ठिपके होते, आणि एक काळी फट, जवळजवळ तिच्याएवढी. तिने कुंचा बुडवून त्या फटीवरून फिरवला, वरून खाली, बुडबुडा राहू नये म्हणून तळहाताने दाबत. हे काम तिला येत होतं. वर ताई तिच्या डोळ्यांवर खळ थापत होती, हात सैल सोडून, नेहमीसारखी पसारा करत, आणि अर्धी खळ खाली तिच्या केसांत, मानेवर, कानात पडत होती. थंडगार. खाली जमलेली माणसं बोलायला लागली होती, सगळी एकदम. वरून ताई स्थानकाच्या आवाजात म्हणाली की भिंतीखाली उभ्या असलेल्यांनी कृपया मागे सरकावं, आणि तिने ‘कृपया’ फार लांबवलं. खळीचा एक मोठा गोळा तिच्या कपाळावरून ओघळून ओठांपर्यंत आला. तोंड मिटून घ्यायला हवं होतं, पण ते मिटत नव्हतं.

“ताई, हळू,” ती म्हणाली.

वर ऐकू गेलं नाही, किंवा ताईला ते पुन्हा ऐकायचं होतं. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.